कुणाची हरकत आहे?

"चांगुणा, खाली उतर! तुजे माड तोडनार हायेत!"

शेंड्यातून आधी कोयतीचा आवाज आला, मग तिचा.

"कोन तोडनार?"

"नवा कप्तान."

"तो आजून जहाजातून उतरला तरी हाय का?"

"सकालीच उतरला. उतरला तो तडक तटावर गेला, तुज्या वाडीकडं बोट केलं नि बोलला, हे सगलं साफ करा. तोफांना समुद्र दिसत नाय."

"तोफांना कशाला बघायचाय समुद्र?" ती वरून म्हणाली. "नि तू खाली उभा ऱ्हाऊ नको. मडकं सोडते."

मी बाजूला झालो. दोरीला बांधलेलं माडीचं मडकं झुलत झुलत खाली आलं. त्याच्या मागून चांगुणा उतरली, कासोटा घट्ट मारलेली, कंबरेला कोयती. तिनं मडकं झाकलं, हात पुसले आणि बारा माडांवरून एकदा नजर फिरवली. ती गप्प बसली की मला फार भीती वाटायची.

हे घडलं ते आपल्या चौलपासून कित्येक महिन्यांच्या समुद्रवाटेवर, लवंगांच्या मुलखात, मोरिका नावाच्या एवढ्याशा बेटावर. बेटाच्या टोकाला एक किल्ला होता. तो आधी पोर्तुगीजांनी बांधला, मग तिथल्या सुलतानानं त्यांना हाकलून घेतला, मग स्पेनवाले मनिलाहून गलबतं भरून आले आणि त्यांनी तो सुलतानाकडून जिंकला. मी मूळचा चौलचा, धाकू तांडेल. पोर्तुगीज जहाजावर चढलो तो दुभाषा होऊनच तिथे उतरलो. चांगुणा नागावची. तिचा नवरा भिकू भंडारी, त्याला माडी काढायला पोर्तुगीज कप्तानानं सोबत आणलं होतं. दोन राजे बदलले, पण माडी सगळ्यांनाच लागायची, म्हणून त्यांना कुणी हलवलं नाही. पुढे भिकू तापानं गेला. मग चांगुणानं स्वतः कासोटा मारला आणि ती माडावर चढली. बाई माडावर चढते म्हणून आपल्याकडे गाव गोळा झालं असतं. तिथे आमच्या दोघांखेरीज आपलं माणूसच नव्हतं, त्यामुळे नावं ठेवायचं सगळं काम माझ्यावर आलं असतं, आणि मला तर ती माडावर चढताना फारच छान दिसायची.

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. लोकांचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं हा माझा धंदा. चार भाषांत मी दुसऱ्याची भांडणं करून द्यायचो, सोयरिकी जुळवून द्यायचो. स्वतःचं काही बोलायची वेळ आली की चारही भाषा एकदम पळून जायच्या.

"उद्या गास्पार कप्तान जानार ना जहाजावर?" चांगुणानं विचारलं.

"व्हय. किल्ला नव्याच्या ताब्यात देनार नि भरतीला सुटनार."

"त्याला सांग, माजी जागा धर. मनिलापर्यंत तरी. तिथून चौलची वाट मी काढीन."

मी मडक्याची दोरी उगाच गुंडाळायला लागलो.

"आगो पन..."

"पन काय? माड नाय तर मी हितं काय करू? तोफा पुसू? नागावला दीर हाय. भाकरी देईल. चार शब्द बोलेल नि देईल."

वास्तविक माझं बोलायचं ते इथेच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी भलतंच बोलत सुटलो. उद्याचा सोहळा कसा असतो ते तिला सांगत बसलो. स्पेनवाल्यांची रीत अशी, की किल्ल्याचा ताबा घ्यायचा तर नुसती किल्ली घेऊन भागत नाही. जुना कप्तान नव्याचा हात धरून त्याला आत नेतो. नवा कप्तान दरवाजा उघडतो आणि लावतो, झाडाची फांदी तोडतो, मूठभर माती उचलून फेकतो, विहिरीचं पाणी काढून शिंपडतो. हे सगळं चारचौघांच्या देखत. मग मोठ्यानं तीनदा विचारतात, "या ताब्याला कुणाची हरकत आहे?" कुणी बोललं नाही, की किल्ला त्याचा. गास्पार कप्तान तर या बाबतीत फार काटेकोर. किल्ल्यात जेवढ्या भाषा, तेवढ्या भाषांत विचारलंच पाहिजे म्हणायचा. त्यामुळे उद्या मला तो प्रश्न बेटावरच्या लोकांसाठी त्यांच्या मलाई भाषेत ओरडायचा होता आणि शेवटी एकट्या चांगुणासाठी आपल्या बोलीत.

"मंग कोन काय बोलतं?"

"कोन बोलनार? किल्ला जिंकला तवाही विचारलं होतं म्हने. ज्यांची हरकत होती ते सगले होड्या घेऊन पलाले होते."

"पन कोन बोललंच तर?"

"नाय बोलत कोन."

"आरं पन बोललंच तर?"

मी विचार केला. "ठावं नाय. आजपरत कोन बोललंच नाय."

चांगुणानं मडकं डोक्यावर घेतलं. "जागा मातर धर," ती म्हणाली आणि गेली.

मी गास्पार कप्तानाकडे गेलो. हा माणूस मनानं मोठा आणि पोटानं त्याहून मोठा. मनिलाला त्याची मुलगी बाळंत होऊन त्याला नातू झाला होता, आणि कधी एकदा जहाजात पाय ठेवतो असं त्याला झालं होतं. माडांचं मी काढलं तेव्हा त्यानं हात वर केले. माझं नाव त्याच्या तोंडी दाको व्हायचं.

"दाको, उद्यापासून किल्ला त्याचा. मी काय बोलणार? पोरगा पुस्तकं वाचून आलाय. पुस्तकात लिहिलंय, तोफेसमोर झाड नको." मग हळूच म्हणाला, "मलाही वाईट वाटतं. मनिलात अशी माडी मिळत नाही."

चांगुणाची जागा मात्र त्यानं दिली, तीही मोठ्या आनंदानं, आणि मी 'उपकार झाले' म्हणून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मैदानात जमले. शिपाई रांगेत, बेटावरचे कोळी आणि बाजारच्या बाया एका बाजूला. चांगुणा बोचकं किनाऱ्यावरच्या होडीत ठेवूनच आली होती. नवा कप्तान इनिगो कडक कॉलर घालून घामाघूम झालेला, वय असेल पंचविशीचं, चेहरा मात्र पन्नाशीचा करून उभा होता. किल्ल्यात धड लिहिता येणारे एक पाद्री तोमास, त्यामुळे लेखी काम त्यांच्याकडे.

सगळं रीतीप्रमाणे झालं. दरवाजा उघडला, लावला. लावताना बिजागरी निखळली, ती सार्जंट बार्तोलोनं पायानं मागे सारली. लिंबाची फांदी तोडली. माती फेकली ती वाऱ्यानं पाद्रींच्या डोळ्यांत गेली. विहिरीचं पाणी शिंपडलं. मग पाद्रींनी डोळे चोळत तीनदा विचारलं. कुणी हललं नाही. मी मलाईत तीनदा ओरडलो. एक कोंबडा आरवला, पण त्याची कुणी दखल घेतली नाही.

मग मी आपल्या बोलीत सुरू केलं.

"ह्या ताब्याला कोनाची हरकत हाय?"

पाद्री अजून डोळे चोळत होते.

"ह्या ताब्याला कोनाची हरकत हाय?"

चांगुणा माझ्याकडे बघत होती. गास्पार कप्तानानं किल्ल्यांचा जुडगा पुढे धरलाच होता.

"ह्या ताब्याला..."

"हाय!" चांगुणा म्हणाली. "माजी हाय हरकत."

सगळं मैदान वळलं. भाषा कळायची गरजच नव्हती. तिनं एक हात कंबरेवर ठेवला होता आणि दुसरा वर केला होता.

"काय म्हणते ती?" इनिगो कप्तानानं मला विचारलं.

आता खरं सांगतो. 'ती तुम्हाला आशीर्वाद देते' असं म्हणून मला सुटता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मग ती होडीत बसली असती, आणि मी किनाऱ्यावर उभा राहून चार भाषांत हात हलवला असता.

"साहेब," मी म्हणालो, "ती म्हणते, तिची हरकत आहे."

पाद्रींच्या हातून लेखणी पडली. शिपायांच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. इनिगो कप्तान लाल झाला. "हिला बाजूला करा आणि पुढे चला!"

"नाही चालता येणार," गास्पार कप्तान हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "हरकत आली तर ती ऐकून, निकाल लावूनच किल्ली द्यायची. नाहीतर ताबा कच्चा. कच्चा ताबा देऊन मी गेलो तर उद्या मनिलाला माझं डोकं जाईल. ओहोटी लागेपर्यंत जहाज थांबेल, मग ते जाईल. आणि पुढचं जहाज वर्षानं."

"मग विचारलंतच कशाला?"

"रीत आहे," गास्पार कप्तान म्हणाला. "शंभर वर्षं विचारतोय. उत्तर देतं का कुणी?"

रोज लाकडी घोड्यावर बसावं आणि एक दिवस घोडं खरंच चालायला लागावं, तशी सगळ्यांची गत झाली. शेवटी पाद्रींनी लेखणी उचलली आणि चांगुणाला पुढे बोलावलं. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

"हरकत कशाबद्दल?"

"सगला किल्ला घ्या," चांगुणा म्हणाली. "तोफा घ्या, तट घ्या, मोडकी बिजागरी पन घ्या. माजी वाडी तेवढी नाय. ती माजी हाय."

"तुझी कशावरून?" इनिगो कप्तानानं विचारलं. "सनद आहे?"

"तुमची हाय? तुमी तरी काय केलंत? दार उघडलंत नि लावलंत. फांदी तोडलीत. पानी काढलंत. मी रोज झोपडीचं दार उघडते नि लावते. रोज झावल्या तोडते. विहिरीचं पानी रोज शिंपते. तुमी एकदा केलंत, मी सात वरसं करते. नि सात वरसांत कोनी हरकत घेतली नाय."

मी भाषांतर केलं. करताना माझा आवाज आपोआप चढत गेला, तो मला आवरता आला नाही.

गास्पार कप्तानाचे डोळे लुकलुकले. "कायद्याला धरून आहे," तो म्हणाला. "ताब्याच्या खुणा त्याच. फक्त साक्षीदार हवेत. ही वाडी कसते, हे डोळ्यांनी पाहिलेला."

पाद्रींनी रांगेकडे पाहून विचारलं, "कुणी पाहिलंय?"

आता खरी गंमत झाली. त्या रांगेतला एकही शिपाई असा नव्हता, ज्यानं चांगुणाची वाडी पाहिली नव्हती. पण पहाऱ्यावर माडी पिणाऱ्याला फटके, असा नियम होता, आणि वाडी बघायला कुणी विश्रांतीच्या वेळी जात नसे. कारण विश्रांतीच्या वेळी झोपायचं असतं. सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. कुणी खोकला. कुणी आभाळ बघितलं. चांगुणा त्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत होती, आणि रोज तिच्या हातची लोटी घेणारे ते मिशाळ गडी मान खाली घालत होते. समुद्रावर जहाजाच्या शिडांची हालचाल सुरू झाली होती. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सार्जंट बार्तोलो पुढे आला. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. नियमाप्रमाणे फटके मारायचं कामही त्याच्याकडेच होतं.

"मी पाहिलंय," तो म्हणाला. "ती झावळ्या तोडते. फुलाची पोय कापते. मडकं बांधते. रोज संध्याकाळी."

"कुठून पाहिलंस?" इनिगो कप्तानानं विचारलं.

"माडाखालून."

"तू तिथे काय करत होतास?"

बार्तोलोनं उरलेला डोळा कप्तानाच्या डोळ्याला भिडवला. "लोटी धरून उभा होतो, साहेब."

आधी बाजारच्या बाया हसल्या. मग कोळी हसले. मग रांगेतून एकजण पुढे आला, "मीही पाहिलंय." मग दुसरा. मग एकदम सगळेच बोलू लागले. मी रविवारी पाहिलं, मी सणाला पाहिलं, मी तर ती पडली तेव्हा तिचा पाय चोळून दिला. तो पाय चोळणारा कोण ते मी नीट बघून ठेवलं. शेवटी पाद्री तोमास लिहिता लिहिता थांबले आणि घसा साफ करून म्हणाले, "मीसुद्धा... म्हणजे, खोकल्यासाठी."

"आणि मी," गास्पार कप्तान म्हणाला. "मला खोकला नाही."

इनिगो कप्तानानं कपाळाला हात लावला. "या किल्ल्यात शुद्धीवर कोण असतं?"

"चांगुणा," मी म्हणालो. "ती आपली माडी पीत नाही."

हे मात्र मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. माझं मलाच नवल वाटलं.

तरी पोरगा हट्टी होता. साक्षी झाल्या, वाडी तिची ठरली, पण तोफांचं काय, म्हणून तो अडून बसला. आपलंच म्हणणं मागे घ्यायला त्याला जड जात होतं, हे दिसत होतं. तेव्हा गास्पार कप्तानानं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला माडांपाशी नेलं. मागे मीही गेलो, कारण चांगुणा गेली.

"पोरा, या झाडांमागचा तट बघ."

त्यानं बघितला. वाडीमागची भिंत कित्येक पावसाळ्यांपूर्वी ढासळली होती. त्या खिंडारातून गाय आरामात ये-जा करायची. आम्ही रोज बघायचो, म्हणून आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं.

"डच जहाजं वर्षातून चारदा समोरून जातात," गास्पार कप्तान म्हणाला. "त्यांना इथे हिरवंगार दिसतं. त्यांना वाटतं, मागे तट आहे. तू झाडं तोडलीस की त्यांना गाय दिसेल."

इनिगो कप्तानानं खिंडारातून डोकं बाहेर काढून बघितलं. मग त्यानं कॉलर सैल केली. आल्यापासून पहिल्यांदाच तो पंचविशीचा दिसला.

"दगड कधी येतील?"

"मागितलेत. तीन कप्तानांनी मागितलेत."

"मग हे माड," तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "किल्ल्याच्या संरक्षणासाठी आवश्यक आहेत. आणि या बाईचे आहेत." माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तिला विचार, एवढ्या उन्हात प्यायला काही मिळेल का. लोकांनी एवढ्या साक्षी दिल्यात, मला काहीच माहीत नाही."

चांगुणानं सकाळची ताजी नीरा दिली. त्यानं लोटी रिकामी केली, मिशा नसलेला ओठ पुसला आणि पाद्रींना म्हणाला, "लिहा. हरकत मान्य."

मग सगळी धावपळ. किल्ल्या दिल्या घेतल्या, गास्पार कप्तानाला चौघांनी उचलून होडीत घातलं. नातवासाठी त्यानं एक शहाळं मागून घेतलं. होडी सुटली तेव्हा मला आठवलं, चांगुणाचं बोचकं त्याच होडीत! कमरेएवढ्या पाण्यात धावत गेलो आणि गास्पार कप्तानाच्या बुडाखालून ते ओढून काढलं. तो हसून हसून लाल झाला आणि काहीतरी ओरडला. लाटांत मला ते कळलं नाही. आयुष्यात एवढं एकच बोलणं माझ्या हातून भाषांतराविना राहिलं.

निथळत वर आलो तर वाडीत चांगुणा नव्हती. बार्तोलोनं मला तटाकडे बोट दाखवलं. तटाला लागून माझी खोली होती, पुढे एक लिंबाचं झाड. तिथे अर्धा किल्ला गोळा झाला होता आणि मधे चांगुणा उभी होती.

"हितं काय करतंस?" मी बोचकं पुढे धरलं. त्यातून पाणी गळत होतं.

तिनं बोचकं घेऊन उंबऱ्यावर ठेवलं. मग माझा हात धरला, सगळ्यांच्या देखत, आणि मला दारापाशी नेलं. माझ्या खोलीचं दार उघडलं. लावलं. लिंबाची एक डहाळी कोयतीनं तोडली. अंगणातली मूठभर माती उचलून फेकली. वारा बघून फेकली, कुणाच्या डोळ्यांत गेली नाही. माझ्या रांजणातलं पाणी ओंजळीत घेऊन शिंपडलं, त्यातलं निम्मं माझ्याच अंगावर. मी आधीच भिजलेला होतो.

"मी वाट बघितली," ती मला म्हणाली. "लई बघितली. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. काल तर माज्यासाठी जहाजात जागा धरून आलास, दगडा!" मग ती लोकांकडे वळली आणि मैदानात घुमेल अशा आवाजात म्हणाली, "ह्या ताब्याला कोनाची हरकत हाय?"

लोक माझ्याकडे बघू लागले. दुभाषा मीच. काय करणार? माझ्याच ताब्याला कुणाची हरकत आहे का, हे मी आधी स्पेनवाल्यांच्या भाषेत विचारलं, मग मलाईत. तिनं तीनदा विचारलं, मीही तीन-तीनदा विचारलं. इनिगो कप्तान दारातून पाहत होता, त्याच्या हातात दुसरी लोटी होती. पाय चोळणारा शिपाई मागच्या बाजूला होता, तोही काही बोलला नाही. कोंबडासुद्धा आरवला नाही.

"आनि तुजी?" चांगुणानं मला विचारलं.

तिला सांगायला माझ्याकडे केवढं तरी होतं. कधीपासून साठवलेलं. आपल्या बोलीतलं, नीट जुळवलेलं. त्यातला एक शब्द मेला तोंडात येईल तर शपथ. पण कायदा सगळ्यांनी सकाळीच ऐकला होता. हरकत नसेल त्यानं गप्प बसायचं.

मी गप्प बसलो. आज चाळीस वर्षं झाली, त्या किल्ल्यावर आता ना स्पेनवाले आहेत ना डच, आणि इथे चौलला आमच्या मागीलदारी त्याच माडांचं बियाणं छपराच्या वर गेलंय. मी अजून गप्पच आहे.